कालकाजीचं देऊळ, कोर्टाची देखरेख आणि ‘अनधिकृत’ माणसं

दिल्लीकर_मनीषा
मंडळी, दिल्लीच्या कालकाजी मंदिराबद्दल तुमची मतं हवी आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेहरू प्लेसजवळ, लोटस टेंपलच्या शेजारी हे कालिकेचं जुनं देऊळ आहे. नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. पूजेचा मान बारीदारांकडे आहे. आपल्या तुळजापूरला पाळीकर पुजारी आहेत, साधारण तसंच. घराण्यांनी पाळ्या वाटून घेतलेल्या, ज्याची पाळी त्याच्याकडे तेवढ्या दिवसांची पूजा आणि उत्पन्न.

या पाळ्यांवरून वर्षानुवर्षं दावे चालले. त्यातूनच विषय दिल्ली उच्च न्यायालयात वाढत गेला आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी मोठा आदेश दिला. निवृत्त न्यायमूर्ती जे. आर. मिढा यांना प्रशासक नेमलं, आवारातली बेकायदा दुकानं हटवायला सांगितली आणि पुनर्विकासाचा आराखडा करायचं काम वास्तुविशारद गुनमीत सिंग चौहान यांच्याकडे दिलं. पुढे जून २०२२ मध्ये धर्मशाळांत आणि झोपड्यांत राहणाऱ्यांनीही थोड्या दिवसांत जागा सोडावी असा आदेश झाला.

पुनर्विकास हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. तिथे फुलं-नारळ-चुनरी विकणारी माणसं फुकट बसली नव्हती. ती तहबाजारी भरत होती, म्हणजे बसायच्या जागेचे पैसे. ते पैसे कुणीतरी घेतले, दशकानुदशकं घेतले. मग अनधिकृत फक्त पैसे देणाराच कसा? घेणाऱ्याचं काय? दुकान उठलं की त्याचं घर उठतं, आणि वसुली करणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही, हे मला पटत नाही.

ठाणेकर_पक्या
दोन वर्षांपूर्वी अष्टमीला तिथे गेलो होतो. रांगेत आईला भोवळ आली आणि बाहेर काढायला वाट मिळेना. दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे, पुढे माणसं, मागे माणसं. शेवटी एका फुलवाल्याने त्याच्या टेबलाखालून वाट दिली आणि पाणी पाजलं. तेव्हा रस्ते मोकळे व्हायलाच हवेत, आणि तो फुलवालाही कुठेतरी राहायला हवा. दोन्ही म्हणतोय.

रानवारा
धागाकर्तीच्या भावना समजल्या, तरी असहमत. देवळाची जागा देवाची. तिथे वीस वर्षं बसलात म्हणून हक्क तयार होत नाही. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या देवस्थानाची हीच रड आहे. महाद्वारापर्यंत पोचायच्या आधी प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे चार स्टॉल ओलांडा. उद्या चेंगराचेंगरी झाली की हेच लोक प्रशासन काय झोपलं होतं का म्हणून विचारतील. मांढरदेवीला जानेवारी २००५ मध्ये काय झालं ते विसरलात का? अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, त्यात आग लागली. जवळजवळ तीनशे माणसं गेली. मी वाईचा आहे. त्या दिवशी गावात काय चाललं होतं ते मी पाहिलंय, त्यामुळे या विषयावर माझ्याकडून मवाळपणाची अपेक्षा ठेवू नका.

दिल्लीकर_मनीषा
@रानवारा, मांढरदेवीचं नाव निघालं की पुढे बोलवत नाही. वाट मोकळी व्हावी, यावर आपलं भांडण नाहीच. कालकाजीलाही जानेवारी २०२४ मध्ये जागरणाच्या रात्री लाकूड-लोखंडाचा मंच कोसळला, एक बाई गेल्या, सतरा जण जखमी झाले. कार्यक्रमाला परवानगी नव्हती असं पोलिसांनी सांगितलं. पण बघा, हा मंच काही फुलवाल्यांनी उभारला नव्हता. दुकानं हटली म्हणजे धोका हटला, इतकं सरळ ते नाही.

वकील_सुमेध
थोडी कायद्याची बाजू.

पहिलं म्हणजे, कोर्टाला यात का पडावं लागलं. आपल्या महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. देवस्थानात गैरव्यवहार दिसला की धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं. तिथे किती वेळ लागतो हा वेगळा विषय, पण दार तरी आहे. दिल्लीत असं दार नाही. त्यामुळे दिवाणी संहितेच्या कलम ९२ खाली (सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या कारभाराबद्दलचा) दावा लावा, नाहीतर बारीदारांच्या आपसातल्या दाव्यातून न्यायाधीशांनाच देवळाची अवस्था दिसावी, एवढेच मार्ग. कालकाजीत दुसरं झालं. चढाव्याच्या, म्हणजे देवापुढच्या दानाच्या, वाटणीसाठी कोर्टात आलेल्यांच्या कागदांतूनच पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, बेकायदा बांधकामं हे सगळं समोर आलं.

दुसरं, कायद्यात देव ही व्यक्ती आहे, आणि ती अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, धरली जाते. जसं अज्ञान मुलाच्या मालमत्तेवर कोर्ट नजर ठेवतं, तसं इथेही ठेवू शकतं. पुजारी सेवेकरी असतो, मालक नसतो. त्याला पाळीच्या उत्पन्नात हक्क असला तरी जागा दुसऱ्याला भाड्याने द्यायचा हक्क त्यातून आपोआप येत नाही. आणि ज्याला स्वतःलाच हक्क नाही त्याच्याकडून जागा घेतलेल्या दुकानदाराला तरी कुठून येणार? कोर्टाच्या दृष्टीने म्हणून तो अनधिकृत.

मनीषाताई, तुमचा प्रश्न मात्र इथेच उभा राहतो आणि तो योग्य आहे. पैसे घेणाऱ्याला अधिकार नव्हता, तर घेतलेल्या पैशांचा हिशेब त्याच्याकडून मागायला हवा.

अनघा_प
वाचतेय. सुमेध, अज्ञान मुलाचं उदाहरण आवडलं. आता आजीला सांगता येईल.

इतिहासवेडा
कालकाजीचा आणि आपला संबंध कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. आजच्या इमारतीचा सगळ्यांत जुना भाग मराठ्यांनी बांधला असं मानतात. साल १७६४ सांगितलं जातं, काही ठिकाणी १७७१. मला १७७१ च्या आसपासचं जास्त पटतं. पानिपत १७६१ चं. त्यानंतर जवळपास दहा वर्षं दिल्ली नजीबखान रोहिल्याच्या ताब्यात होती. तो १७७० मध्ये वारला, १७७१ च्या सुरुवातीला मराठी फौजा पुन्हा दिल्लीत आल्या, आणि जानेवारी १७७२ मध्ये महादजींनी मुघल बादशाह शाह आलमला लाल किल्ल्यात आणून बसवलं. देऊळ बांधायला उसंत आणि जोर असा कधी होता, तर तेव्हा. नंतर १८१६ मध्ये मुघल बादशाह दुसऱ्या अकबराचे पेशकार (दरबारी अधिकारी) राजा केदारनाथ यांनी त्यात भर घातली.

वास्तू म्हणूनही ती वेगळी आहे. गाभाऱ्याची खोली बारा बाजूंची, प्रत्येक बाजूला दार. भोवती व्हरांडा आणि त्याला छत्तीस कमानी, म्हणजे प्रत्येक दारासमोर तीन. पूर्वेच्या दाराकडे तांबड्या दगडाचे दोन वाघ बसवलेत. पण हे नीट बघायचं म्हटलं तर नजर कुठे ठरत नाही. विटांच्या बांधकामावर संगमरवर चढलाय, वर पत्रे, वायरी, पंखे. पुनर्विकास करताना हा मूळ भाग मोकळा करून दाखवा, एवढीच माझी मागणी आहे. नवीन चकचकीत काही नको.

ठाणेकर_पक्या
बारा दारं आणि तरी आम्हाला बाहेर पडायला एक मिळालं नाही!

रानवारा
@पक्या, हाच तर मुद्दा आहे. बांधणाऱ्यांनी चारी दिशांनी वाट ठेवली होती. ती नंतर आलेल्यांनी बुजवली.

दिल्लीकर_मनीषा
@इतिहासवेडा, फार छान माहिती. त्यात एक भर घालते. भोवतालच्या धर्मशाळा दिल्लीच्या सावकारांनी आणि व्यापाऱ्यांनी यात्रेकरूंसाठी बांधलेल्या. ज्या खोलीत यात्रेकरूने रात्रभर टेकायचं, तिथे पुढे कुटुंबं राहायला लागली. देवळाची पायरीसुद्धा न चढलेल्या माणसाला हे चूक वाटेल, मलाही वाटतं. पण त्या खोल्यांतली सगळी माणसं घुसखोर नव्हेत. कुणी झाडलोट करणारा, कुणी भांडी घासणारी, कुणी पुजाऱ्यांकडे कामाला. त्यांना तिथे कामासाठीच ठेवून घेतलेलं.

पंढरीची_लेक
इतका वेळ नुसतं वाचत होते, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं माहेर पंढरपूरचं. विठ्ठल मंदिरातल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचा, बडवे-उत्पातांचा, विषय आमच्या घरात रोजच्या जेवणाबरोबर असायचा. देवापुढच्या उत्पन्नाचा लिलाव व्हायचा हे आजोबांच्या तोंडून ऐकलंय. नाडकर्णी आयोग बसला, १९७३ ला कायदा झाला, प्रत्यक्ष समितीच्या हातात कारभार यायला १९८५ उजाडलं आणि सर्वोच्च न्यायालयात शेवटचा निकाल लागला जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे चाळीस वर्षं. निकालानंतर समितीने पूजेसाठी अर्ज मागवले तेव्हा बायकांना आणि सगळ्या जातींच्या लोकांना अर्ज करता आले. ज्या देवळात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं, तिथे हे झालं. त्या दिवशी वडिलांनी पेढे आणले होते. तेव्हा कोर्टाने देवळात पडू नये असं मी कधीच म्हणणार नाही.

पण आता देवळाभोवती कॉरिडॉर करायची, म्हणजे रस्ते रुंद करून जागा मोकळी करायची, चर्चा आहे आणि आमच्या गल्लीत कुणाला झोप नाही. माझ्या काकांचं दुकान आहे. बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे, पितळी टाळ. दुकान म्हणजे किती, तर एक माणूस मांडी घालून बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. सकाळी काकू आधी फळीवर बुक्क्याचे ढीग लावते, वरून तर्जनीने दाबून टोक काढते, मग एकावर एक माळा टांगते. काका भाडेकरू आहेत, मालक नाहीत. मोबदला आला तर मालकाला येणार. रस्ता रुंद झाला तर वारकऱ्याला सुख होईल हे काका स्वतः म्हणतात. आषाढीला त्यांच्याच ओट्यावर दिंडीतल्या बायका पाय पसरून बसतात. त्यांना एकच विचारायचंय: आम्ही कुठल्या यादीत?

मनीषाताई, तुमच्या फुलवाल्याचाही हाच प्रश्न असणार.

अनघा_प
@पंढरीची_लेक, डोळ्यासमोर दुकान उभं राहिलं. काकूंना नमस्कार सांग.

रानवारा
ताई, काकांबद्दल आदर आहे. पण पुरी बघा. जगन्नाथ मंदिराभोवती ७५ मीटर मोकळं केलं. सुरुवातीला केवढा आरडाओरडा झाला. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका दंड लावून फेटाळल्या. जानेवारी २०२४ ला परिक्रमा मार्ग खुला झाला. आज तिथे म्हातारी माणसं आरामात प्रदक्षिणा घालतात. थोडं सोसावं लागतं, मग सगळ्यांचंच भलं होतं.

भुवनेश्वर_मुक्काम
नोकरीमुळे बरीच वर्षं इकडे आहे म्हणून लिहितो. @रानवारा म्हणतात ते परिक्रमेचं सुख खरं आहे, मी स्वतः अनुभवलंय. पण किंमत काय मोजली तेही लिहायला हवं. २०१९ मध्ये जे पाडलं त्यात एमार मठ होता, शतकांपासूनचा. त्याच आवारात रघुनंदन वाचनालय होतं. पुरीत लिहिण्या-वाचण्यात असलेल्या कुणालाही विचारा, त्या वाचनालयाचं नाव निघाल्यावर तो गप्प होतो. मठ हे काही पान-तंबाखूचं खोपटं नव्हतं. देवळाच्या सेवांमध्ये मठांचा वाटा असतो. ‘अडथळा’ म्हणून एक रेघ मारली की तिच्या आत अतिक्रमणही येतं आणि वारसाही येतो. आधी माणूस पाठवून एकेक घर बघायला हवं.

इतिहासवेडा
हे वाचून वाईट वाटलं. सहमत.

रानवारा
वाचनालयाचं मला माहीत नव्हतं. ते जपून हलवायला हवं होतं, मान्य. बाकी मतावर ठाम आहे.

कोथरूडची_सई
अवांतर: कालकाजीजवळ कुणाला चांगले छोले-कुलचे माहीत आहेत का? पुढच्या महिन्यात दिल्लीला जातेय.

दिल्लीकर_मनीषा
@सई, नेहरू प्लेसला ये, मी खाऊ घालते. व्यनि (खासगी निरोप) कर.

संपादक
सई, खादाडीसाठी वेगळा धागा आहे, पण आमंत्रण मिळालंय तर जाऊन या. बाकीच्यांनी कृपया विषयाला धरून लिहावं.

वकील_सुमेध
दोन निकाल सांगतो, दोन्ही इथे लागू पडतात.

एक वैष्णोदेवीचा. तिथेही बारीदारच होते. १९८६ मध्ये जगमोहन जम्मू-काश्मीरचे राज्यपाल असताना देवस्थान मंडळाकडे दिलं, पुढे १९८८ चा कायदा झाला. बारीदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. सरकार पूजेचे विधी ठरवू शकत नाही, पण देवस्थानचा व्यवहार, पैसा, व्यवस्था यांचं नियमन करू शकतं, हे त्यातलं सूत्र. वैष्णोदेवीला आज जे रस्ते, शेड, स्वच्छता दिसते ती त्यानंतरची. कालकाजीचं नाव निघालं की वैष्णोदेवीसारखं मंडळ हवं असं म्हणतात, ते यामुळे.

दुसरा आपल्या मुंबईचा, ओल्गा टेलिस, १९८५. फुटपाथवर राहणाऱ्यांचा. न्यायालयाने म्हटलं, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे हटवूच नका असं नव्हे. हटवा, पण नोटीस द्या, ऐकून घ्या. आणि त्याच निकालात पावसाळा सरून महिना होईपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या पाडू नका असंही सांगितलं. पावसात माणसाला रस्त्यावर काढायचं नाही, एवढी जाण त्या निकालात आहे.

कालकाजीतल्या धर्मशाळा रिकाम्या करायचा आदेश जूनमधला. दिल्लीचा जून ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको.

यमुनापार_शिक्षक
सुमेध यांनी जूनचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी दिल्लीत सरकारी शाळेत शिकवतो. कालकाजीचं नाही, दुसऱ्या एका वस्तीचं सांगतो. घर हललं की मुलाची शाळा लगेच सुटत नाही. आधी उशीर होतो. मग आठवड्यातून दोन दिवस दांडी. बापाला नव्या जागेहून काम लांब पडतं, आई धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवते. सहामाहीपर्यंत नाव हजेरीत असतं, मूल नसतं. माझ्या वर्गातली एक मुलगी गणितात फार हुशार होती. वस्ती उठल्यावर दोनदा आली, दोन्ही वेळा वही आणली होती, तिसऱ्यांदा आली नाही. दिल्लीत पुनर्वसनाचं २०१५ चं धोरण आहे, त्यात तारखांच्या अटी आहेत, कागद लागतात. धर्मशाळेच्या खोलीत राहणाऱ्याकडे कुठला कागद असणार? तो ना झोपडपट्टीत मोजला जातो, ना भाडेकरूत.

म्हणून मनीषाताईंच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. हटवायचंच असेल तर वार्षिक परीक्षा झाल्यावर, आणि जाण्याची जागा आधी ठरवून.

ठाणेकर_पक्या
सर, त्या मुलीचं वाचून सुन्न झालो.

रानवारा
सर, मुलांबद्दल आपण म्हणता ते शंभर टक्के खरं. माझा राग माणसांवर नाही, ढिलाईवर आहे. वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही आणि मग एके दिवशी एकदम बुलडोझर. रोजच्या रोज लक्ष ठेवलं असतं तर ही वेळ कुणावरच आली नसती.

पंढरीची_लेक
@रानवारा, हे आधी म्हटलं असतंत तर मी तुमच्यावर इतकी चिडले नसते.

भुवनेश्वर_मुक्काम
वृंदावनचंही बघायला हवं. बांके बिहारी मंदिरासाठी पाच एकर जागा देवळाच्या पैशातून घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली. सेवेकरी गोस्वामी म्हणाले, आमचं ऐकलंच नाही. ऑगस्टमध्ये न्यायालयाने तो भाग मागे घेतला आणि निवृत्त न्यायमूर्ती अशोक कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोर्टही आपला आदेश बदलतं, फक्त जाऊन सांगावं लागतं. वकील करणाऱ्या गोस्वामींना ते जमतं. चुनरीवाल्याला कसं जमणार?

दिल्लीकर_मनीषा
धागा फार दूरवर जाऊन परत आला, बरं वाटलं. सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं आता नेमकं मांडते.

प्रशासक नेमल्यावर देवळाचा पैसा एका खात्यात येतो, मोजला जातो. चांगलं आहे. पण मागचं काय? तहबाजारी कुणी, कुणाकडून, किती घेतली हे शोधायला प्रशासकांना सांगता येईल. ज्यांनी घेतली त्यांच्या पुढच्या पाळीच्या उत्पन्नातून तेवढा वाटा बाजूला काढा आणि त्यातून दुकानदारांना व धर्मशाळेतल्या कुटुंबांना मदत द्या. नव्या आराखड्यात पूजासाहित्याचे गाळे असणारच. ते काढताना मोठ्या ठेकेदाराला एकगठ्ठा देऊ नका. जुन्या बसणाऱ्यांची यादी करून आधी त्यांना विचारा. मी ज्यांच्याकडून हार घेते त्या बाईंनी नवऱ्यामागे हे दुकान चालवलं. त्यांच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या आहेत. कुणाच्या सहीची, कुणाच्या नुसत्या आकड्याची, काही पेन्सिलीने लिहिलेल्या. मला वाटायचं याला काय अर्थ. सुमेध, याचा काही उपयोग होतो का?

वकील_सुमेध
होतो. जागेचा हक्क त्यातून सिद्ध होणार नाही, पण पैसे घेतले गेले आणि साधारण कधीपासून, हे दाखवायला त्या चिठ्ठ्या चालतात. पहिलं काम, सगळ्यांचे फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंनी, तारीख दिसेल असे. पेन्सिलीचे आधी. वीजबिल, महापालिकेची एखादी पावती, घाऊक बाजारातली फुलांची बिलं, जे असेल ते जोडा. शेजारच्या चार दुकानदारांनी एकमेकांसाठी प्रतिज्ञापत्र करावं. अर्ज एकेकट्याने करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून करा. प्रशासकांकडे लेखी द्या, पोच घ्या. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, आणि बायकांना तर उत्पन्नाची अटही नाही.

पंढरीची_लेक
सुमेध, हे सगळं काकांनाही लागू आहे ना? भाडेपावत्या आहेत, पण मधल्या काही वर्षांच्या पुरात भिजल्या.

वकील_सुमेध
लागू आहे. भिजलेल्याही टाकू नका. मालकाच्या नावावरच्या नोंदीबरोबर भोगवटादार म्हणून काकांचं नाव कुठे लागलंय का, ते नगरपालिकेत जाऊन बघा. मोजणीला माणसं आली तर दुकान बंद ठेवू नका, समोर हजर राहून नाव लिहून घ्यायला लावा.

यमुनापार_शिक्षक
मनीषाताई, अर्ज हिंदीत लिहायचा असेल तर मी येतो. शनिवारी अर्धा दिवस असतो. मुलांच्या शाळेचे दाखले त्यात जोडूया. कुटुंब तिथे राहत होतं हे दाखल्यावरच्या पत्त्यावरून दिसतं.

दिल्लीकर_मनीषा
या सर. त्या बाईंना आत्ताच फोन केला, डबा उद्या घेऊन या म्हणून सांगितलंय. त्यांच्या ओळखीतली अजून चार-पाच दुकानंही यायला तयार आहेत.

रानवारा
टाइपिंगला माणूस लागला तर सांगा, हिंदी टंकलेखन येतं मला. मजकूर पाठवा, रात्रीत करून देतो.